पाव : पायाचा की पालनाचा?



जे शब्द आपल्या तोंडी रोज येतात त्यांचा विचार आपण सहसा करीत नाही. देवघरातील समई रोज लावणाऱ्यास ती कोणत्या गावी घडली हे ठाऊक नसते. रोजच्या शब्दांचेही तसेच आहे. या सदरात आज आम्ही असाच एक दोन अक्षरांचा शब्द घेतला आहे. तो प्रत्येक ख्रिस्ती घरात पहाटे दारावर येतो, आणि आता हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांच्या घरांतही तितक्याच सहजपणे येतो. तो शब्द म्हणजे ‘पाव’.

हा शब्द निवडण्यास कारण झाले ते एक पत्र. डिचोली तालुक्यातील एका वाचक-भगिनीने ते आम्हांस लिहिले आहे. त्यांचा मुलगा पाचवीत शिकतो. मधल्या सुट्टीत त्याने डबा उघडून पाव बाहेर काढला, तेव्हा शेजारी बसलेला सोबती म्हणाला, “पाव पायांनी मळतात, म्हणून तर त्यास पाव म्हणतात. आमची आजी सांगते, पूर्वी पाव खाल्ला की माणूस बाटत असे.” तो सोबती काही दुष्ट मुलगा नव्हे, घरी ऐकले ते त्याने बोलून दाखविले, इतकेच. परंतु आमच्या भगिनीचा मुलगा डबा तसाच मिटून घरी घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात पाव नको म्हणून हट्ट धरून बसला. भगिनी विचारतात, “यात खरे किती, आणि मुलास मी काय सांगावे?”

प्रश्न लहान दिसतो, पण लहान नाही. आपल्या घरच्या अन्नाची लाज जेथे वाटू लागते, तेथे पुढे आपल्या घराचीही लाज वाटू लागण्यास वेळ लागत नाही. यास्तव आधी शब्दाचा निवाडा करू, मग अन्नाचा.

मराठीत ‘पाव’ या एकाच उच्चाराचे तीन निरनिराळे शब्द आहेत, आणि तिघांची कुळे वेगवेगळी आहेत. पहिला पाव म्हणजे चौथा भाग. पाव शेर, पाव मैल असे आपण म्हणतो तो हा. याचे मूळ संस्कृत ‘पाद’. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे त्याचा चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे पायही आणि चतुर्थांशही. आपले ‘पाय’ आणि ‘पाऊल’ हे शब्द याच घराण्यातील. आणि ‘पाऊण’ हाही याच घराण्यातील, कारण तो ‘पादोन’, म्हणजे एक पाद उणे, यावरून आला. हिंदी बोलणारे पायास ‘पाँव’ म्हणतात, तेही येथूनच.

दुसरा पाव क्रियापदाचा आहे. देव नवसास पावला, पोहोच पावली, मरण पावला, असे आपण म्हणतो, त्यातील ‘पावणे’ हे संस्कृत ‘प्राप्’ यापासून निघाले. मिळणे, पोहोचणे, प्रसन्न होणे असे त्याचे अर्थ आहेत. या पावण्याचा पायाशी काही संबंध नाही.

तिसरा पाव म्हणजे आपल्या ताटातला. हा वरील दोघांपैकी कोणाचाही नातलग नाही. तो समुद्रावरून आला. पोर्तुगीज भाषेत त्यास ‘पांव’ असे काहीसे नाकातून उच्चारतात, आणि तो लॅटिन ‘पानिस’ या शब्दापासून झालेला आहे. पोर्तुगीज लोक १५१० साली गोव्यात आले, १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती गेली, आणि त्यांच्या जहाजांबरोबर हा शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरला. कानास तो आपल्याच ‘पाव’ शब्दासारखा वाटला, म्हणून आपण तो तसाच ठेवून घेतला. पुढे कोणा विनोदी माणसास ‘पाव’ आणि ‘पाय’ यांचा सारखेपणा दिसला, आणि पायांनी मळतात ही कथा जन्मास आली. मोठ्या भट्ट्यांतून कोठे कोणी पुष्कळ पीठ पायांनी मळले असेल वा नसेल. परंतु शब्द त्यावरून आला नाही, कारण गोव्याचे पीठ प्रथम मळले जाण्यापूर्वी कित्येक शतके तो युरोपात रूढ होता.

मग ‘पानिस’ चा अर्थ काय? येथे एक आनंदाची गोष्ट आहे. भाषाशास्त्रज्ञ हा शब्द ‘पा’ या अतिप्राचीन धातूशी जोडतात. रक्षण करणे, पोसणे, चारणे हा त्याचा अर्थ. लॅटिनमध्ये कळप चारणे यास ‘पास्को’ म्हणतात आणि कळप चारणाऱ्या मेंढपाळास ‘पास्तोर’ म्हणतात; ते दोन्ही शब्द याच धातूचे. आणि आपल्या संस्कृतातही हाच धातू ‘पाति’ म्हणजे रक्षण करतो, या रूपात आहे. ‘पालन’, ‘पालक’, ‘गोपाळ’ हे सारे याच गोतावळ्यातले. म्हणजे आपला पाव हा पायाचा कोणी नव्हे. तो ‘पालन’ या शब्दाचा दूरचा भाऊ आहे. दोघे फार पूर्वी वेगळे झाले, एक पश्चिमेस गेला आणि एक आपल्याकडे आला, आणि हजारो वर्षांनी गोव्याच्या धक्क्यावर पुन्हा भेटले. भेटले, पण एकमेकांस ओळखले नाही.

या शब्दांची ओळख पटविण्याचे मोठे कार्य आपल्याच एका धर्मगुरूंनी केले आहे. मोन्सिन्योर सेबास्त्यांव रोदोल्फ दालगादो (१८५५–१९२२) हे बार्देसमधील आसगावचे. त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश १८९३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला, आणि त्यातील कोंकणी शब्द त्यांनी देवनागरीत छापविले. १९१३ मध्ये त्यांनी पोर्तुगीज शब्द आशियातील भाषांत कोठे कोठे गेले याचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्यास निघाले. उतारवयात आजाराने त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले, तरी हा मनुष्य अखेरपर्यंत शब्दांच्या शोधात राहिला. अशा विद्वानांच्या श्रमांमुळेच आज आपणांस पावाचा प्रवास नकाशावर दाखविल्याप्रमाणे दिसतो.

तो प्रवास पाहा. मराठीत व कोंकणीत पाव, गुजरातीत पाउं, बंगालीत पाउरुटी, हिंदीत पावरोटी, सिंहलीत पान. येथपर्यंत आश्चर्य नाही, कारण या साऱ्या किनाऱ्यांवर पोर्तुगीज होते. परंतु दूर जपानातही पावास ‘पान’ म्हणतात. पोर्तुगीज व्यापारी जपानला १५४३ मध्ये पोहोचले. गोव्याचे लाडके संत फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरले आणि १५४९ च्या १५ ऑगस्टला, मारियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, जपानच्या कागोशिमा बंदरात त्यांनी पाऊल ठेवले. पुढे १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांस देशाबाहेर काढले, ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. पण ‘पान’ हा शब्द मात्र जपान्यांनी हद्दपार केला नाही. जपानीतून तो कोरियन भाषेत गेला. राज्ये जातात, सैन्ये जातात, अन्नाचा शब्द मागे राहतो.

आणि हा व्यवहार एकतर्फी नव्हता, हेही सांगितले पाहिजे. आपली ‘रोटी’ पूर्वेकडे गेली आणि मलाया व इंडोनेशिया येथे स्थिरावली; तेथे भट्टीतल्या पावासही आज ‘रोटी’च म्हणतात. गोव्यातही असाच देवघेवीचा सौदा झाला. पाव फुगविण्यास आंबवण हवे. युरोपात वापरतात तसले आंबवण येथे सहज मिळत नव्हते, म्हणून आपल्या लोकांनी माडाची ताडी वापरली. तीस कोंकणीत ‘सूर’ म्हणतात. संस्कृत ‘सुरा’ ती हीच. हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्या भाषेत उचलून घेतला. म्हणजे त्यांनी पाव दिला आणि सूर घेतली, आणि त्यांचा पाव आमच्या सुरेवाचून फुगला नाही. ही सूर काढणारा तो ‘रेंदेर’, आणि पाव भाजणारा तो ‘पोदेर’. पोदेर हा पोर्तुगीज ‘पादेइरो’, म्हणजे भटारी, यापासून झाला. आणि रेंदेर हा ‘रेंदेइरो’, म्हणजे मक्तेदार, यापासून, कारण तो माड मक्त्याने घेत असे.

पोदेराच्या टोपलीतील पदार्थांची नावे मात्र सारी परकी नाहीत. कोंड्याची ती पोई. वाटोळा, कडक सालीचा तो उंडो. पुरणपोळी करणाऱ्या आमच्या भगिनी कणकेच्या गोळ्यास उंडा म्हणतात, त्याचाच हा भाऊ. बांगडीसारखा गोल आणि खुसखुशीत तो कांकण, म्हणजे आपले कंकण. कात्रीने कापून आकार दिलेला तो कात्रीचो पाव. गोव्यात पाव करण्याची विद्या जेजुइट धर्मगुरूंनी साष्टीतील माजोर्डे गावी प्रथम शिकविली अशी परंपरा आहे. विद्या परकी, पण गहू दळणारे, मळणारे, भाजणारे आणि नाव ठेवणारे हात आपल्याच माणसांचे होते.

इतका सरळ शब्द, इतके साधे अन्न. मग त्यास बाटण्याची भीती कोठून चिकटली? या प्रश्नास टाळून चालणार नाही.

गोव्याचा इतिहास दोन भागांत विभागलेला आहे. तिसवाडी, बार्देस व साष्टी हे तालुके सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेले आणि तेथे ख्रिस्ती धर्म मोठ्या प्रमाणावर पसरला. डिचोली, सत्तरी व पेडणे हे तालुके त्यांच्याकडे फार उशिरा, १७८१ ते १७८८ या सालांत आले. तोपर्यंत ते सावंतवाडीच्या भोसल्यांच्या छायेत होते. या नव्या मुलखात लोकांच्या धर्मात व रीतिरिवाजांत हात घालण्याचे धोरण राहिले नव्हते. म्हणून आजही पेडणे व डिचोली येथे ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत. पेडण्यास संत जोसेफचे, हरमलला कार्मेल माऊलीचे, डिचोलीस कृपामातेचे मंदिर आहे, आणि तेरेखोलच्या किल्ल्यात संत अंतोनीचे. त्यांच्या अवतीभोवती गावेच्या गावे हिंदू आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ घरांत मराठी पोथी व मराठी शाळा यांचा जुना संस्कार आहे. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन मुलखांच्या सीमेवर, पाव हा धान्याचा पदार्थ न राहता खूण बनला. पाव खातो तो त्यांच्यातला, भाकरी खातो तो आमच्यातला.

विहिरीत पावाचा तुकडा टाकून सारा गाव बाटविल्याच्या कथा कोंकणात व वसईकडे अजून सांगतात. एकेका कथेची शहानिशा आज करता येणार नाही. परंतु ती कथा ज्या भीतीतून निघाली ती भीती खरी होती. आणि त्या भीतीचे दोन बाजूंचे दोन अपराधी आहेत. सक्तीने वा कपटाने कोणाच्या घशात आपला धर्म घालणे हे ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध आहे. ज्या कोणी तसे केले त्यांचा कैवार आम्ही घेत नाही. दुसरीकडे, नकळत प्यालेल्या एका घोटासाठी आपल्या रक्ताच्या माणसांस घराबाहेर काढणारा, त्यांस परत पंगतीस न घेणारा समाज, हाही त्या दुःखाचा वाटेकरी होय. तुकड्याने माणूस तोडला नाही. माणसांनी माणूस तोडला.

आपल्या बाजूची एक नोंद तर छापील स्वरूपात आहे. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले व, मधला अल्प काळ वगळता, १८१२ पर्यंत चालले. त्याने १७३६ मध्ये काढलेल्या एका फर्मानात ख्रिस्ती लोकांस ज्या गोष्टी मना केल्या त्यांत एक अशी आहे : हिंदू करतात त्याप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये! भातात मीठ आधी की मागून, यावर माणसाचा धर्म ठरविण्यात आला. पाव खाल्ला म्हणून बाटला असे म्हणणारे आणि अळणी भात शिजविला म्हणून फितूर झाला असे म्हणणारे, हे एकाच शाळेतले विद्यार्थी होते. स्वयंपाकघरात कुंपण घालण्याची हौस दोघांस सारखीच होती.

हे कुंपण मोडण्याचा पहिला धीट प्रयत्न मराठी माणसांनी केला, आणि तोही पावानेच केला, ही गोष्ट आमच्या तरुण वाचकांस ठाऊक नसेल. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस मंडळी नावाची एक गुप्त सभा स्थापन झाली. जातिभेद मोडावा हा तिचा हेतू. तिच्या प्रमुखांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. मराठीचे व्याकरण १८३६ मध्ये लिहून प्रसिद्ध करणारे ते हेच. या सभेत येणाऱ्या नव्या सभासदास दीक्षेच्या वेळी ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. हे सभासद ख्रिस्ती झाले नाहीत, होऊ इच्छीतही नव्हते. अन्नाने माणूस विटाळत नाही इतकेच त्यांस स्वतःच्या जिभेवर सिद्ध करावयाचे होते. पण ते सारे बंद दाराआड चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याची भीती पसरली, आणि मंडळी मोडली. पुढे १८९० मध्ये पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा व बिस्किटे पुढे आली, तेव्हा तेथे न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे होती. त्यावरून शहरात केवढे वादळ झाले आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट कशी गेली, हे इतिहासात नमूद आहे. एका घासासाठी इतके!

आणि ज्यांचा तो रोजचा घास, त्यांच्या वाट्यास थट्टा आली. पोटासाठी मुंबईस गेलेल्या गोवेकर ख्रिस्ती माणसास तेथे ‘माकापाव’ म्हणून चिडवीत. ‘माका पाव’ म्हणजे कोंकणीत ‘मला पाव’. भुकेलेल्या माणसाने जे मागितले तेच त्याचे टोपणनाव झाले. विचार केला तर यात थट्टा करण्यासारखे काय आहे? प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण सारे रोज हेच तर मागतो.

त्या प्रार्थनेतील शब्दाकडे आता वळू. मराठीत आपण तेथे ‘भाकर’ म्हणतो. देशावर, जेथे मराठी वाढली, तेथे रोजचे अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकर. म्हणून भाषांतरकारांनी हा शब्द योजिला, आणि योग्यच केले. कोंकणीत त्याच ठिकाणी ‘गिरास’ म्हणतात. संस्कृत ‘ग्रास’, म्हणजे घास, तो हा. गोव्याचा माणूस पेजेवर व शितावर वाढलेला. त्याने गव्हाचे मागावे की भाताचे, हा प्रश्नच या शब्दाने ठेवला नाही. घास कसलाही असो, तो देवाने द्यावा. उपासनेत ख्रिस्तशरीराविषयी बोलताना मात्र कोंकणी माणूस पोदेराच्या टोपलीतला ‘उंडो’ हाच शब्द घेतो. दाराशी रोज येणारा शब्द वेदीवर गेला, यात त्याचा मान आहे.

इतर भाषांतही अन्नाचे शब्द असेच बोलके आहेत. प्रभू येशूचा जन्म बेथलेहेमात झाला. हिब्रू भाषेत ‘लेहेम’ म्हणजे भाकर, आणि बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. तोच शब्द अरबीत ‘लहम’ असा आहे, परंतु तेथे त्याचा अर्थ मांस असा होतो. एकाच मुळाची दोन भावंडे : एकाने शेतकऱ्याचे अन्न धरले, दुसऱ्याने मेंढपाळाचे. मिसर देशातील अरबी बोलीत भाकरीस ‘ऐश’ म्हणतात, आणि ऐश म्हणजे जगणे, जीवित. प्रभू स्वतःस जीवनाची भाकर म्हणवितात, त्याचा अर्थ त्या देशातील गरीब बाईस समजावून सांगण्याची गरजच पडत नसेल.

लॅटिनने याच ‘पानिस’ पासून आणखी एक शब्द दिला. ‘कुम’ म्हणजे सह. ज्याच्यासह आपण पाव खातो तो सोबती. इंग्रजी व फ्रेंच भाषांतील सोबत्यासाठी असलेला रूढ शब्द यापासूनच झाला आहे. आपल्याकडेही ‘पंगत’ हा शब्द आहे. तो ‘पंक्ति’, म्हणजे रांग, यापासून आला. रांगेत बसावयाचे म्हटले की कोणाशेजारी कोणी बसावे आणि कोणी बसू नये हा प्रश्न येतो, आणि तो आपल्या देशात फार दिवस आला. रोटीव्यवहार असा शब्दच आपण करून ठेवला. दोष एकट्या हिंदू शेजाऱ्यांस देऊ नये. आपल्या ख्रिस्ती गावांतही जातीच्या आठवणी लग्नाच्या मांडवात व कॉन्फ्रारियांच्या अंगरख्यांत पुष्कळ काळ टिकून होत्या, हे आपण जाणतोच.

योहानाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात प्रभू जीवनाची भाकर आहेत, आणि दहाव्या अध्यायात उत्तम मेंढपाळ आहेत. पाव आणि पास्तोर, पोसणारे अन्न आणि पोसणारा धनी, हे दोन शब्द एका धातूचे निघावेत, हा भाषेचा योगायोग म्हणा. प्रभू लॅटिन बोलत नव्हते. परंतु मनन करणाऱ्यास तो योगायोग गोड वाटेल. आणि त्याच सहाव्या अध्यायात पाच हजारांचे जे भोजन आहे, ते एका मुलाच्या शिदोरीतून झाले. त्याच्याजवळ पाच भाकरी होत्या, त्याही गव्हाच्या नव्हेत, जवाच्या, म्हणजे गरिबाघरच्या. त्या मुलाने आपली शिदोरी लाजून झाकून ठेवली असती तर?

आमच्या भगिनीने मुलास हीच गोष्ट सांगावी. पाव पायाचा नाही, पालनाचा आहे, हे सांगावे. आणि डब्यात पाव दोन जास्त द्यावेत. सोबत्यास उत्तर देण्यासाठी त्याच्या आजीस नावे ठेवू नयेत. तिने जे सांगितले ते तिच्या आजीने तिला सांगितले होते, आणि त्यामागे एका जुन्या जखमेची आठवण आहे. जखमेवर थट्टेने औषध होत नाही. त्या सोबत्याच्या घरची भाकरी, त्याच्या चतुर्थीची नेवरी, त्याच्या आईचा एकादशीचा उपवास, यांविषयी आमच्या मुलांनी तितक्याच आदराने बोलावे. ज्यास आपल्या घासाची थट्टा सोसवत नाही, त्याने दुसऱ्याच्या घासाची थट्टा करू नये.

काळही आता आपल्या बाजूने आहे. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, आणि त्यास साठांहून अधिक वर्षे लोटली. आज पेडण्याच्या वा डिचोलीच्या बाजारात सकाळी कोणत्याही हॉटेलात जावे. मालक बहुधा हिंदू, भाजी त्याच्या घरच्या मसाल्याची, आणि तिच्याशेजारी बशीत पाव. पातळ भाजी आणि पाव ही न्याहारी कोणाची, असा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. परमहंस मंडळीने बंद दाराआड भीतभीत जे केले, ते पोदेराच्या सायकलने भोंगा वाजवीत उजाडताना दारोदारी केले. त्यास कोणी समाजसुधारक म्हटले नाही.

त्या पोदेरास मात्र आज आपली गरज आहे. रात्री भट्टीपाशी जागणे त्याच्या मुलांस नको आहे. ती बोटींवर वा परदेशी जातात, आणि जुन्या भट्ट्यांवर आता पुष्कळदा परगावचे कामगार राबतात. सुरेने आंबविणेही मागे पडले आहे. ज्या घरांचा हा शब्द, त्यांनी निदान दारावर आलेल्या माणसास ओळखावे, त्याची विचारपूस करावी, आणि घासाघीस करण्यापूर्वी तो किती वाजता उठला हे आठवावे.

शेवटी एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधून हे टिपण पुरे करतो. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर म्हणा, गिरास म्हणा, की आमच्या पूर्वजांप्रमाणे लॅटिनमध्ये म्हणा. त्या अन्नाच्या शब्दाशेजारी प्रत्येक भाषेत आणखी एक शब्द न चुकता उभा असतो. तो म्हणजे ‘आमची’. कोणत्याही भाषेत ख्रिस्ती मनुष्य ‘माझी भाकर मला दे’ असे म्हणत नाही. त्या ‘आमची’ मध्ये कुंपणापलीकडचा शेजारीही येतो, हे आज संध्याकाळी घरात ती प्रार्थना म्हणताना ध्यानात असू द्यावे.